फॉरमॅट न मारता: एमबीआरवरून जीपीटीकडे जाण्याचा आढावा

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला नियमित सुरक्षा-अपडेट मिळणे बंद झाले. घरगुती वापरकर्त्यांसाठी जी वर्षभराची मुदतवाढ जाहीर झाली, तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच होती. जतसारख्या तालुक्याच्या गावी या तारखांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा तालुका. उमदी, संख या गावांना कर्नाटकची हद्द जवळ आणि सांगली लांब. इथे संगणक ही दर दोन-तीन वर्षांनी बदलायची वस्तू नाही. पतसंस्थेचे काउंटर, दाखले काढून देणारे सेवा केंद्र, डीटीपीचे दुकान, द्राक्ष-डाळिंबाच्या व्यापाऱ्याची हिशेबाची खोली, मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेचे कार्यालय, अशा ठिकाणी एकेक यंत्र आठ-दहा वर्षे राबते. त्यावर विंडोज 11 टाकता येईल का, असे विचारले की बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते: डिस्क एमबीआर आहे, जीपीटी करावी लागेल, म्हणजे फॉरमॅट मारावी लागेल, डेटा काढून घ्या. या उत्तरातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग 2017 पासून बरोबर राहिलेला नाही. तिसरा भाग, म्हणजे डेटा काढून घ्या, हा मात्र सगळ्यांत महत्त्वाचा असून तोच सर्वांत घाईने उरकला जातो.

या लेखातले म्हणणे असे आहे. डिस्कचा आराखडा एमबीआरवरून जीपीटीवर नेण्याची क्रिया स्वतः तुमच्या फायलींना जवळजवळ हात लावत नाही. डेटा जातो तो या क्रियेच्या आधीच्या आवराआवरीत आणि नंतरच्या घाबरगुंडीत. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर वापरावे यावर जेवढी चर्चा होते, तेवढी ती गरजेची नाही. मूळ डिस्क, जशी होती तशी, कुठे तरी शाबूत आहे की नाही यावर व्हायला हवी.

हे पटण्यासाठी आधी डिस्कवर नेमके काय बदलते ते पाहावे लागते. एमबीआर ही पद्धत 1983 मध्ये पीसी डॉस 2.0 बरोबर आली, हार्ड डिस्क दहा मेगाबाइटची असण्याच्या काळात. डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटचा असतो. त्यातले पहिले 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे 64 बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. तक्त्यात चार ओळी, प्रत्येक ओळ सोळा बाइटची: कोणते पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होते आणि किती सेक्टर लांब आहे, एवढीच नोंद. सेक्टरचा क्रमांक लिहायला 32 बिट ठेवलेले असल्याने सुमारे 429 कोटी सेक्टरांपलीकडे मोजताच येत नाही, म्हणजे 2.2 टेराबाइटच्या पुढची डिस्क वाया जाते. चारपेक्षा जास्त भाग हवे असतील तर एका ओळीत एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह घालायचे, ही पुढे काढलेली तोड. आणि हा सगळा तक्ता डिस्कवर एकाच जागी, एकाच प्रतीत असतो. तो सेक्टर खराब झाला की डिस्क रिकामी असल्यासारखी दिसते.

जीपीटी ही पद्धत इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेल्या ईएफआयमधून, म्हणजे बायोसच्या जागी संगणक सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीतून, पुढे आली. 2005 पासून यूईएफआय फोरम तिचे नियम सांभाळतो. तिच्यात तक्त्याच्या सहसा 128 ओळी धरतात, प्रत्येक ओळ 128 बाइटची. म्हणजे 32 सेक्टर, आणि त्याआधी एक सेक्टर शीर्षकाचा. या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते आणि दोन्ही प्रतींवर बेरीज जुळते का हे पाहणारा तपासणी-आकडा असतो. पहिल्या सेक्टरमध्ये एक नावापुरता एमबीआर राखून ठेवतात, तो अशासाठी की जुन्या प्रोग्रॅमने ही डिस्क मोकळी समजून तिच्यावर काही लिहू नये. आता मुद्द्याची गोष्ट. जीपीटीला सुरुवातीला लागतात ते 33 सेक्टर बहुतेक डिस्कवर आधीपासून मोकळेच असतात. विंडोज एक्सपीच्या काळात पहिले पार्टिशन 63 व्या सेक्टरपासून सुरू होई, व्हिस्टापासून पुढे ते 2048 व्या सेक्टरपासून सुरू होते. शेवटीही विंडोज सहसा थोडी जागा सोडते. म्हणजे नवा तक्ता लिहायचा तो रिकाम्या समासात. सी ड्राइव्हवरच्या तुमच्या लाखभर फायली जिथे आहेत तिथेच राहतात, त्यांचा पत्ता तेवढा नव्या वहीत उतरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार परका नाही. हस्तलिखित सातबारा संगणकीकृत झाला तेव्हा शेत जागचे हलले नव्हते. बदलला तो उतारा. पण उतारा बदलताना क्षेत्राचे आकडे चुकले, नावे गळली, इतर हक्कातली नोंद राहून गेली, आणि अशा चुका महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडून दुरुस्त करून घ्याव्या लागल्या. त्या दुरुस्त होऊ शकल्या याचे कारण हस्तलिखित उतारा जपून ठेवलेला होता आणि चावडी वाचनात गावापुढे नवी नोंद ताडून पाहिली गेली. नवी प्रणाली चांगली होती म्हणून काम निभावले असे म्हणता येणार नाही. जुनी नोंद टाकून दिली नव्हती, हे खरे कारण. डिस्कच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट सुटते.

मग हा बदल करायचाच कशाला? दोन टेराबाइटहून मोठी डिस्क हे कारण पुस्तकात पहिले येते, पण गावातल्या कार्यालयांत बहुधा पाचशे जीबी किंवा एक टीबीची डिस्क असते, त्यामुळे ते इथे लागू पडत नाही. खरे कारण विंडोजच्या एका अटीत आहे. विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू व्हायची तर मदरबोर्ड यूईएफआय पद्धतीने चालू असावा लागतो. जुन्या बायोस पद्धतीने ती फक्त एमबीआर डिस्कवरूनच सुरू होते. लिनक्सला अशी सक्त अट नाही, तिथे बायोस आणि जीपीटी ही जोडी एका छोट्या खास पार्टिशनच्या मदतीने चालते. 5 ऑक्टोबर 2021 रोजी आलेल्या विंडोज 11 ने मात्र यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0 मागितले. साखळी अशी आहे: विंडोज 11 हवे तर सिक्युअर बूट हवे, ते हवे तर यूईएफआय हवे, आणि यूईएफआय हवे तर विंडोजची डिस्क जीपीटी हवी.

इथेच एक मोठी गाळणी लावून घ्यावी, कारण पुष्कळ कष्ट त्यानेच वाचतात. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर स्वीकारते, एएमडीमध्ये साधारण रायझन 2000 मालिकेपासूनचे. 2012 ते 2016 च्या दरम्यान घेतलेला, तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा संगणक असेल तर त्याची डिस्क जीपीटी करून काहीही पदरात पडत नाही. प्रोसेसरच नापास होतो. अट चुकवून विंडोज 11 बसवायच्या युक्त्या फिरत असतात, पण ज्या यंत्रावर ठेवीदारांची खाती आहेत त्यावर त्या वापरू नयेत. अशा यंत्राची डिस्क आहे तशी राहू द्यावी. खरा उमेदवार वेगळा आहे. 2018 ते 2020 च्या सुमारास जुळवून घेतलेला संगणक, मदरबोर्ड यूईएफआयचा, प्रोसेसर पात्र, पण विंडोज टाकताना पेन ड्राइव्ह एमबीआर पद्धतीने बनवलेला होता किंवा जुन्या विंडोज 7 ची प्रत तशीच उतरवली होती, म्हणून सगळे बायोस पद्धतीने चालू राहिले. असा संगणक पूर्णपणे सक्षम असून केवळ तक्त्यापायी अडलेला असतो. तो ओळखणे सोपे आहे: विंडोजमधले सिस्टिम इन्फर्मेशन उघडले की बायोस मोड या नावापुढे लेगसी की यूईएफआय ते दिसते, आणि त्याच पानावर प्रोसेसरचे नावही असते. या दोन ओळी वाचल्याशिवाय कोणी पुढचे काम सुरू केले तर ते अंदाजपंचे समजावे.

बदलाचे अधिकृत साधन मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या 1703 आवृत्तीबरोबर, एप्रिल 2017 मध्ये दिले. नाव एमबीआर-टू-जीपीटी, आणि ते सिस्टिम-32 फोल्डरमध्ये आधीपासून असते. कुठून उतरवून घ्यावे लागत नाही, त्याचे पैसे पडत नाहीत. त्याला दोन मुख्य आज्ञा कळतात. व्हॅलिडेट म्हटले की ते फक्त डिस्क तपासते, काही लिहीत नाही. कन्व्हर्ट म्हटले की काम करते. मुळात ते विंडोजच्या बाहेरून, दुरुस्तीच्या पडद्यावरून चालवण्यासाठी आहे, पण परवानगीचा एक शब्द जोडून चालू विंडोजमधूनही चालते. ते काय करते याची नोंद ते स्वतःच पडद्यावर देत जाते: आधी ईएफआय पार्टिशनची सोय, मग त्यात सुरुवातीच्या फायली, मग तक्त्याचे रूपांतर, मग बूटच्या नोंदी आणि ड्राइव्हची अक्षरे जुळवणे. ईएफआय पार्टिशनसाठी आधीचे सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन चालण्यासारखे असेल तर ते तेच वापरते, नसेल तर सी ड्राइव्ह किंचित आकसून साधारण 100 एमबी जागा काढते. चार हजार बाइटच्या सेक्टरची डिस्क असेल तर 260 एमबी. वर मी म्हटले की फायलींना जवळजवळ हात लागत नाही. त्यातला जवळजवळ हा शब्द या आकसण्यापायी आहे. ड्राइव्ह आकसताना शेवटच्या भागात काही फायली पडलेल्या असतील तर त्या हलवाव्या लागतात. डिस्क निरोगी असेल तर यात काही बिघडत नाही. डिस्क कुरकुरत असेल, खराब सेक्टर वाढत असतील, तर हाच टप्पा नडतो. म्हणून आधी चेक-डिस्क चालवावे, आणि डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतीची नोंद, जिला स्मार्ट म्हणतात, ती पाहावी. डिस्क आजारी असेल तर रूपांतराचा विचार सोडून आधी तिची प्रत काढावी.

कागदावर इतके सोपे असलेले काम आपल्याकडे अडते ते डी ड्राइव्हपाशी. अधिकृत साधनाच्या अटी स्पष्ट आहेत: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन, एकही एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल नाही, आणि एक पार्टिशन ॲक्टिव्ह. आपल्याकडे मात्र जुळवून दिलेला संगणक म्हटला की सी, डी, ई असे तीन कप्पे पाडून द्यायची रीत वर्षानुवर्षे चालत आली. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाचा डेटा, ईमध्ये फोटो-गाणी-सॉफ्टवेअर. डी आणि ई बहुधा एक्स्टेंडेडच्या पोटातले लॉजिकल. अशा डिस्कवर व्हॅलिडेट चालवले की आराखडा तपासणीत नापास झाला असा संदेश येतो आणि साधन तिथेच थांबते. थांबते ही चांगली गोष्ट आहे. त्याने काही मोडलेले नसते. पण आता माणूस कामाला लागतो. डीमधले सगळे कुठे तरी हलवायचे, डी आणि ई पुसायचे, एक्स्टेंडेड काढून टाकायचे आणि मग रूपांतर करायचे. ज्या ड्राइव्हमध्ये दहा वर्षांचा हिशेब आहे नेमकी तीच पुसायची वेळ येते. रूपांतराचे साधन डेटाचे नुकसान होणार नाही अशी हमी देते म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि नुकसान होते ते त्याच्या आधी, डी पुसताना: कोणी डेस्कटॉपवरच्या फायली घ्यायला विसरतो, हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा दुसऱ्याच फोल्डरमध्ये असतो, बाहेरच्या डिस्कवर नक्कल झाली ती अर्ध्यात थांबलेली असते आणि शेवटचा संदेश कोणी वाचलेला नसतो. त्याहून वाईट चूक डिस्कपार्टमध्ये होते. तिथे क्लीन हा शब्द टाइप करताच निवडलेल्या डिस्कचा तक्ता पुसला जातो, खात्रीचा प्रश्न विचारला जात नाही. दोन डिस्क लावलेल्या असतील आणि शून्य-एकची गल्लत झाली तर मूळही गेले आणि नक्कलही गेली.

लॉजिकल ड्राइव्ह न पुसता रूपांतर होऊ शकते का? होऊ शकते. लिनक्सवरच्या जीडिस्क या साधनाला, जे रॉडरिक स्मिथ यांनी लिहिले, प्रायमरी आणि लॉजिकल असा भेद अडत नाही, कारण जीपीटीत तो भेदच नाही. ते सगळे आधी मेमरीत जुळवते आणि लिही म्हटल्यावरच डिस्कवर उतरवते. पण विंडोजच्या डिस्कवर ते वापरले तर ईएफआय पार्टिशन आणि बूटच्या फायली हाताने घालाव्या लागतात. जाणकारासाठी ते ठीक, रोजच्या दुकानकामासाठी नाही. बाजारातली पैसे देऊन मिळणारी पार्टिशनची सॉफ्टवेअरे हा मधला मार्ग म्हणून पुढे केला जातो. त्यांतली नामांकित साधने काम करतात, हे मान्य. आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे ती कितीदा तरी क्रॅक केलेल्या प्रतीत फिरतात, आणि संपूर्ण डिस्कवर हवे ते लिहिण्याचा अधिकार कोणी फेरफार केलेल्या प्रोग्रॅमला देणे, तेही पतसंस्थेच्या यंत्रावर, हे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. विकत घेतले असेल तर वापरावे, नसेल तर मायक्रोसॉफ्टचे फुकट साधन पुरेसे आहे.

आता नंतरच्या घाबरगुंडीकडे. रूपांतर यशस्वी झाले की साधन एक शेवटची ओळ दाखवते: संगणक नीट सुरू होण्यासाठी फर्मवेअर यूईएफआय पद्धतीवर न्यावे. ही ओळ वाचली जात नाही, किंवा वाचून कळत नाही. संगणक पुन्हा सुरू होतो, मदरबोर्ड अजून जुन्या पद्धतीनेच पाहत असतो, त्याला ओळखीची डिस्क दिसत नाही आणि काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगे काही सापडत नाही असा मजकूर येतो. या क्षणी डिस्कवरची प्रत्येक फाइल जागेवर असते. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये जाऊन सीएसएम किंवा लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, बंद केली, यूईएफआय चालू केले आणि विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणला की सगळे पूर्ववत होते. पण टेबलापलीकडे ग्राहक उभा असतो, डेटा गेला असे कोणी तरी म्हणते, आणि पेन ड्राइव्ह लावून नवे विंडोज टाकायला सुरुवात होते. इन्स्टॉलरमध्ये सगळी पार्टिशने एकेक करून डिलीट केली जातात. डेटा जातो तो इथे. रूपांतराने तो घेतलेला नसतो. मदरबोर्डवर सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा राहिला तर त्याचेही एक साधे कारण असू शकते: वेगळे लावलेले ग्राफिक्स कार्ड इतके जुने असते की त्यात यूईएफआयची सोयच नसते. अशा वेळी ते कार्ड काढून मदरबोर्डवरच्या जोडणीतून पडदा चालतो का ते पाहावे, डिस्कला हात लावू नये.

विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाची गोष्टही याच जातीची आहे. डिस्क कुलूपबंद असेल तर रूपांतरापूर्वी संरक्षण तात्पुरते स्थगित करावे लागते, आणि सिक्युअर बूट किंवा टीपीएमची मांडणी बदलली की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की कुठे लिहून ठेवली आहे हे आधी पाहणे पाच मिनिटांचे काम. नंतर ती नसेल तर डेटा डिस्कवर असूनही मिळत नाही.

वीज हा आणखी एक मुद्दा, आणि जतमध्ये त्याला बगल देता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग येतात, विजा होतात, पुरवठा खंडित होतो. रूपांतराचा मुख्य टप्पा काही सेकंदांचा असला तरी सी आकसणे आणि त्याआधीची प्रत काढणे यांना वेळ लागतो. चांगली बॅटरी असलेल्या यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर हे काम करू नये, आणि लॅपटॉपवर चार्ज भरलेला असतानाही चार्जर लावूनच करावे. जी यूपीएस वीज गेल्यावर दोन मिनिटांत मान टाकते ती नसल्यातच जमा.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो खोडून काढण्याआधी नीट मांडायला हवा. जाणकार म्हणतात, इतकी कसरत कशाला? दहा वर्षांचे विंडोज, त्यात साचलेला कचरा, अर्धवट ड्रायव्हर, कदाचित व्हायरसही. डेटा काढून घ्या, कोऱ्या डिस्कवर नवे विंडोज टाका, यंत्र पळायला लागेल. घरच्या संगणकाला हा सल्ला मीही देईन. पण कार्यालयातल्या संगणकावर डेटा म्हणजे फक्त फायली नव्हेत. मराठी डीटीपीच्या दुकानात युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या हजारो लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, संस्थांचे अहवाल पडलेले असतात. ती फाइल उघडायला तोच फाँट, तेच टायपिंगचे सॉफ्टवेअर आणि कित्येकदा त्याची परवान्याची किल्ली लागते. फाँट गेला की पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. कन्नड माध्यमाच्या शाळेत जुन्या कन्नड फाँटमधल्या प्रश्नपत्रिकांचेही तसेच. हिशेबाचा प्रोग्रॅम ज्याने बसवून दिला तो आता व्यवसायात नसतो, त्याची सीडी सापडत नाही, सीडी सापडली तर सीडी-ड्राइव्ह नसते. सहीच्या डिजिटल टोकनचे ड्रायव्हर, पासबुक छापणाऱ्या प्रिंटरची जुळणी, हे पुन्हा बसवायला आठवडा जातो आणि तोवर काउंटर बंद. फायली वाचल्या आणि वाचणारे साधन गेले तर डेटा वाचला असे म्हणता येत नाही. जागच्या जागी रूपांतर करण्याच्या बाजूने सर्वांत मजबूत कारण हेच आहे. कोरे विंडोज वेगवान असते हे खरे. पण ज्या वेगाची गरज आहे तो बहुतेक जुन्या यंत्रांना हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्याने मिळतो, आणि त्यासाठी विंडोज पुसावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे ऑनलाइन ड्राइव्हवर, मोबाइलवर, शासनाच्या सर्व्हरवर असते. सातबारा तर 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा थेट मिळतो. मग संगणकावरच्या डेटाची एवढी काळजी का? शासनाकडे जे आहे ते शासनाकडे सुरक्षित आहे, हे मान्य. पण सेवा केंद्राच्या संगणकावर अर्जांच्या पावत्या असतात, स्कॅन केलेले दाखले असतात, दैनंदिन हिशेब असतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. ऑनलाइन ड्राइव्हवर फक्त निवडलेले फोल्डर जातात, इंटरनेट मंद असेल तर शेकडो जीबी चढतच नाहीत. शिवाय ऑनलाइन प्रतीवरून संगणक सुरू होत नाही. फायली मिळतील, वर सांगितलेले फाँट, परवाने आणि जुळण्या मिळणार नाहीत.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्याचे उत्तर म्हणजेच या आढाव्याचा निष्कर्ष. मूळ डिस्कवर थेट रूपांतर करणे फुकट पडते, हे खरे. पण त्यात मूळ आणि प्रयोग एकाच वस्तूवर होतात. त्याऐवजी नवी एसएसडी घ्यावी. क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवावी. नवी डिस्क आकाराने जुनीएवढी किंवा मोठी असली की काम सोपे. प्रत झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क केबलपासून सोडवावी. हे जरूर करावे, कारण दोन्ही डिस्कची ओळखखूण आता एकच असते, आणि दोन्ही लावून ठेवल्या तर विंडोज त्यांतली एक बाजूला ठेवते व गोंधळ होतो. मग नव्या डिस्कवरून, अजून जुन्याच पद्धतीने, संगणक सुरू करावा. हिशेबाचा प्रोग्रॅम उघडावा, एक जुनी पत्रिका उघडून फाँट दिसतो का पाहावे, एक पासबुक छापून पाहावे. इथवर सगळे ठीक असेल तर नव्या डिस्कवर व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, मग मदरबोर्ड यूईएफआयवर. लॉजिकल डी-ई आडवे आले तर ते नव्या डिस्कवर पुसावेत, कारण त्यांची अस्सल प्रत केबल काढून टेबलावर पडलेली आहे. नंतर तिथूनच ते परत आणता येतात. घाबरगुंडी झाली, कोणी नको ते डिलीट केले, वीज गेली, तरी जुनी डिस्क लावून सेटअप पूर्वीसारखा केला की संगणक तासाभरात आदल्या दिवशीच्या स्थितीत येतो. अधिकृत साधनाला उलट फिरता येत नाही, जीपीटीचे पुन्हा एमबीआर ते करत नाही. परतीचा रस्ता आपणच ठेवावा लागतो, आणि एका एसएसडीच्या किमतीत तो मिळतो, वर यंत्रही वेगवान होते. ज्या संस्थेला हा खर्चही जड वाटतो तिने मूळ डिस्कला हात लावू नये; पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढल्याशिवाय रूपांतराला मी संमती देणार नाही, मग साधन कोणाचेही असो.

ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी दुरुस्तीला देण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: प्रोसेसर विंडोज 11 ला चालतो का, आणि माझी जुनी डिस्क मला परत मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले तर यंत्र घरी आणावे. डिस्क परत मिळाली की तिच्यावर पट्टी चिकटवून तारीख आणि यंत्राचे नाव लिहावे, कपाटात ठेवावी, आणि निदान एक मार्चअखेरचा हिशेब नव्या डिस्कवर पुरा होऊन लेखापरीक्षण उरकेपर्यंत ती कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये.